‘द बॅटमॅन’ एवढा अंधारा का, आणि त्यातला डिटेक्टिव्ह नेमकं शोधतो काय?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. 2022 चा ‘द बॅटमॅन’ घरी टीव्हीवर पाहिला तर निम्मा वेळ काही दिसलंच नाही. त्याला डिटेक्टिव्ह सिनेमा म्हणतात, पण त्यातला डिटेक्टिव्ह कुणाला पकडत नाही, खुनी आपणहून हाती लागतो. आणि एवढ्यासाठी तीन तास कशाला, त्यात शेवटही अति झालेला? मग चाहते याला इतकं डोक्यावर का घेतात, असा एकूण सूर आहे.

मी त्या चाहत्यांपैकीच एक. पोटापाण्यासाठी कलरिस्टचं काम करते. एडिट लॉक झालं, म्हणजे कापणं-जोडणं संपलं, की सिनेमा आमच्या अंधाऱ्या खोलीत येतो. प्रत्येक शॉटचा उजेड, काळोख, चेहऱ्यांचा रंग जुळवून आम्ही तो पुढे पाठवतो. त्यामुळे ‘काही दिसत नाही’ हे वाक्य माझ्या रोजच्या कानावरचं आहे. निर्माते दुसरं फारसं बोलत नाहीत. पुढे मी खुनी कोण, शेवट काय, सगळं उघड करणार आहे, तेव्हा पाहिला नसेल तर इथेच थांबा.

माझं म्हणणं असं की हा सिनेमा चुकीच्या ठिकाणी बघत राहिलेल्या डिटेक्टिव्हचा आहे, आणि त्यातला अंधार त्याच कामाला जुंपलेला आहे. म्हणजे तुमच्या पहिल्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत.

सुरुवातीचा खून घ्या. हॅलोविनची रात्र. गॉथमचा महापौर मिचेल घरी एकटा, फोनवर बोलत खोलीत फिरतोय. टीव्ही चालू आहे आणि खोलीत उजेड म्हणावा तर मुख्यतः त्याचाच. महापौर जरा बाजूला सरकतो आणि मागच्या काळोखात, जो आपण इतका वेळ नुसता काळोखच समजत होतो, तिथे एक माणूस उभा असतो. कुठून आला, केव्हा आला, काही नाही. तो होताच. कॅमेरा त्याच्याकडे झेपावत नाही. ज्याची नजर आधी तिथे गेली तो आधी घाबरला, बाकीचे नंतर.

असा शॉट ग्रेड करणं, म्हणजे त्याचा उजेड-काळोख जुळवणं, ही तारेवरची कसरत. काळा रंग किंचित वर उचलला तर तो माणूस आधीपासूनच दिसायला लागतो आणि सगळी मजा जाते. किंचित खाली दाबला तर तो पूर्ण गडप होतो, आणि मग कुणीतरी जादूने आणून ठेवल्यासारखा अचानक उपटतो. ‘होता, पण दिसला नाही’ ही जागा फार अरुंद असते. आणि पहिल्याच प्रसंगात सिनेमा सांगून टाकतो की पुढचे तीन तास हेच चालणार आहे: गोष्ट समोर असेल, तुम्हाला आणि बॅटमॅनला ती दिसणार नाही.

कॅमेरामन ग्रेग फ्रेझर. त्या वर्षी मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळालं, पण ते आधीच्या एका सिनेमासाठी. ‘द बॅटमॅन’ला पुढच्या वर्षी ध्वनी, मेकअप आणि व्हिज्युअल इफेक्ट्स अशी तीन नामांकनं मिळाली आणि छायाचित्रणाचं मिळालं नाही. हे मला अजून खटकतं. असो.

फ्रेझरने हा सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावर, अॅरीच्या अॅलेक्सा एलएफवर शूट केला, पण तिथे थांबला नाही. डिजिटल फाइल फिल्मवर छापली आणि ती फिल्म परत स्कॅन करून डिजिटलमध्ये आणली. एवढा उपद्व्याप कशासाठी? डिजिटलचा काळा कोराकरकरीत असतो. फिल्मवरून फिरून आलेल्या काळ्यात दाणा येतो, जरासा धुरकटपणा येतो, दिव्यांच्या कडा मऊ होऊन आजूबाजूला झिरपतात. अंधारात काहीतरी हलतंय की काय, अशी शंका येण्याइतपत तो काळोख जिवंत होतो. लेन्स अॅनामॉर्फिक (रुंद चित्र आडवं दाबून घेणाऱ्या), त्याही मुद्दाम बिघडवलेल्या, म्हणजे मधला भाग ठीक आणि कडेला सगळं वितळल्यासारखं. पावसाचे थेंब, धूळ, मळकी काच यांच्यामधून निम्मा सिनेमा दिसतो. पाठलागाच्या प्रसंगात कॅमेरे गाडीलाच घट्ट बसवलेत, समोरच्या काचेवर चिखलपाणी, पलीकडे नुसते दिव्यांचे ठिपके. नीट दिसावं अशी कुणाची इच्छाच नाही.

रंगाचं म्हणाल तर या सिनेमात रात्र निळी नाही. रात्र म्हटली की निळा फिल्टर लावायची आमच्याकडे जी खोड आहे, तिची मला चीड आहे. गॉथमची रात्र नारिंगी आहे, जुन्या सोडियम दिव्यांची. मुंबईकरांना हा रंग वेगळा समजावून सांगायला नको. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवा. सोडियमच्या उजेडात रंग ओळखू येत नाहीत. लाल गाडी तपकिरी दिसते, निळा शर्ट काळा. साक्षीदाराने ‘गाडी कुठल्या रंगाची होती’ याचं उत्तर चुकीचं द्यावं, असाच तो उजेड. डिटेक्टिव्हच्या गोष्टीला याहून चांगला दिवा मिळणार नाही. त्यावर लाल रंग मात्र जपून ठेवलाय: क्लबमध्ये, सिनेमाच्या नावाच्या पाटीवर, आणि शेवटी एका ठिकाणी, ज्याकडे मी येतेच.

आता तुमचा टीव्ही. सगळा दोष दिग्दर्शकाच्या गळ्यात मारायच्या आधी हे ऐका. थिएटरच्या पडद्याचा पांढरा 14 फुट-लॅम्बर्ट, म्हणजे साधारण 48 निट्स (ही दोन्ही उजेडाची मापं) असावा असा मापदंड आहे. घरचा टीव्ही यापेक्षा कितीतरी जास्त प्रखर असतो. मग तिथे जास्त दिसायला हवं ना? नाही. थिएटरमध्ये बाकी सगळा मिट्ट काळोख असतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि 48 निट्समधला बारीकसारीक फरकही कळतो. घरी ट्यूबलाइट चालू, मागच्या खिडकीतून ऊन, समोर चकचकीत काच. त्या काचेत तुमचा सोफा बॅटमॅनपेक्षा स्पष्ट दिसतो. त्यात टीव्ही ‘इको’ किंवा वीज वाचवण्याच्या मोडवर असला की काळोख्या प्रसंगात तो स्वतःच उजेड आणखी कमी करतो. नाहीतर ‘व्हिव्हिड’ मोड असतो, जो उजळ भाग भडक करतो आणि काळे भाग एकाच डबक्यात ढकलतो. आणि इंटरनेट मंद असेल तर ओटीटीवर काळ्या भागातली माहिती सर्वांत आधी कापली जाते, मग भिंतीवर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे दिसायला लागतात. ते फ्रेझरचं काम नव्हे.

तरी एक मान्य करायला हवं. सिनेमा कुठे बघितला जाणार याचा विचार करणं हा आमच्या कामाचा भाग आहे. घरच्या पडद्यासाठी वेगळी ग्रेड करतात, आणि एखादा सिनेमा बऱ्यापैकी टीव्हीवरही असंख्य लोकांना दिसत नसेल तर ‘तुमची खोलीच चुकीची’ एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत. ‘द बॅटमॅन’मधले एक-दोन प्रसंग, विशेषतः बॅटमॅनच्या तळघरातले, मला थिएटरमध्येही गरजेपेक्षा जास्त गिळलेले वाटले. तिथे लपवण्यासारखं काही नसतं. नुसता एक मुलगा मॉनिटरसमोर बसलेला असतो.

पण क्लबच्या बोळातली मारामारी बघा. दिवे जातात, पडदा काळा, आणि बंदुकांच्या गोळ्या सुटतात त्या ठिणगीपुरता एकेक क्षण उजेड पडतो. प्रत्येक ठिणगीत बॅटमॅन आधीपेक्षा एक पाऊल पुढे. ज्यांच्या हातात बंदुका आहेत तेच आपल्या मरणावर उजेड पाडतायत. दुसरा कुठलाही दिवा तिथे लावला असता तर ती फक्त एक मारामारी झाली असती, आणि तशा मारामाऱ्या आपण सुपरहिरोपटांत शेकड्यांनी पाहिल्यात.

आता डिटेक्टिव्ह. बॅटमॅन पहिल्यांदा छापून आला तो मे 1939 मध्ये, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27व्या अंकात, बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनी तो घडवला. डीसी या कंपनीच्या नावातला ‘डी’सुद्धा तोच. सिनेमांनी मात्र बराच काळ त्याच्यातला योद्धा, अब्जाधीश, गाड्या आणि खेळणी उचलली आणि डिटेक्टिव्हला दाराबाहेर ठेवलं. दिग्दर्शक मॅट रीव्ह्जने त्याला आत घेतलं. महापौराच्या घरी तो गणवेशातल्या पोलिसांमधून चालत जातो तो प्रसंग मला फार आवडतो. सगळे त्याच्याकडे ‘हे काय ध्यान आलंय’ अशा नजरेने बघतात, पोलीस अधिकारी जिम गॉर्डन सांभाळून घेतो, आणि हा माणूस मुखवट्यासकट वाकून जखम बघतो. कापलेल्या अंगठ्याभोवती रक्त साकळलंय, म्हणजे अंगठा कापला तेव्हा महापौर जिवंत होता. उडणारा, उड्या मारणारा हिरो नाही. पंचनाम्याला आलेला माणूस. जेफ्री राइटचा गॉर्डन आणि पॅटिन्सनचा बॅटमॅन यांच्यात जी थकलेली, कमी शब्दांची मैत्री आहे ती मला या सिनेमातली सर्वांत खरी गोष्ट वाटते.

तुमचा आक्षेप असा की एवढं करून तो पकडतो कुणाला? कुणालाच नाही. आणि मुद्दा तोच आहे.

रिडलर, म्हणजे आपला खुनी, कोडी टाकत जातो आणि बॅटमॅन ती सोडवतो. अगदी झटपट सोडवतो, जवळजवळ कौतुकाने. कार्डावरचा प्रश्न वाचला की उत्तर तयार. महापौराचा कापलेला अंगठा यूएसबीला बांधलेला सापडतो, तिथला क्रूर विनोदही त्याला लगेच कळतो. पण ही सगळी उत्तरं रिडलरला हवीच आहेत. कोडं सोडवलं की पुढची पायरी उघडते, आणि पायऱ्या कुठे जातायत हे कोडं टाकणाराच ठरवतो. पोलिसांना खबर देणारा ‘पंखवाला उंदीर’ (कोड्यात हे स्पॅनिशमध्ये येतं) कोण? पेंग्विन नावाचा गुंड असेल म्हणून त्याचा पाठलाग, हायवेवर आगीचा लोळ, गाड्यांचा चुराडा. आणि शेवटी पकडलेला पेंग्विनच यांच्या स्पॅनिशची खिल्ली उडवतो. उंदीर निघतो माफियाचा म्होरक्या फाल्कोनी. त्याला बॅटमॅन आणि गॉर्डन फरफटत बाहेर, उजेडात आणतात, आणि समोरच्या इमारतीच्या खिडकीतून रिडलर त्याला गोळी घालतो. म्हणजे सावज नेम धरायच्या जागी आणून ठेवण्याचं काम डिटेक्टिव्हने केलं! नंतर खुनी कुठे सापडतो? जवळच्या डायनरमध्ये, काउंटरवर, फेसावर प्रश्नचिन्ह काढलेली कॉफी पुढ्यात ठेवून शांत बसलेला.

आणि आता ती जागा, जिच्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावते. महापौराला ज्या हत्याराने मारलं ते पोलिसांच्या ताब्यात असतं, बॅटमॅननेही ते पाहिलेलं असतं. पण ते काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. ना पोलिसांना, ना जगातल्या म्हणे सर्वांत हुशार डिटेक्टिव्हला. शेवटी रिडलरच्या घरी मार्टिनेझ नावाचा साधा हवालदार सांगतो की हे गालिचा बसवणाऱ्यांचं हत्यार आहे, गालिच्याची कड खोचायचं. ‘माझे काका हेच काम करतात,’ असं तो म्हणतो. बॅटमॅन तेच हत्यार घेऊन जमिनीवरचा गालिचा उचकटतो आणि खाली शहर बुडवण्याचा अख्खा बेत सापडतो. तोवर उशीर झालेला असतो.

हा मार्टिनेझ कोण? पहिल्या रात्री महापौराच्या घरी बॅटमॅनला अडवणारा पोलीस. तेव्हा तो आपल्याला नुसता अडथळा वाटला होता.

ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनला, ते हत्यार ओळखता आलं नाही, कारण त्याच्या घरी गालिचे आयुष्यभर होते आणि ते बसवणारे हात त्याने कधी बघितले नाहीत. तो सायफर, म्हणजे सांकेतिक लिपी फोडू शकतो, पण मजुराच्या पिशवीतली वस्तू त्याच्या जगात नाही. हे वाक्य सिनेमात कुणी बोलत नाही, आणि बरं झालं बोलत नाही. आमच्या सेटवर हेच हत्यार नेऊन ठेवा. दिग्दर्शक, नट, मी, आम्ही सगळे बुचकळ्यात पडू. सेटिंगचे दादा एका नजरेत सांगतील.

रिडलर स्वतः अनाथाश्रमात वाढलेला. ब्रूसच्या वडिलांनी, थॉमस वेनने, शहराच्या पुनरुज्जीवनासाठी एक मोठा निधी जाहीर केला होता. त्याच्या मृत्यूनंतर तो निधी पुढाऱ्यांनी, पोलिसांनी आणि गुंडांनी मिळून वाटून खाल्ला, आणि ती मुलं तशीच थंडीत राहिली. म्हणजे शहराला पडलेलं कोडं वेन कुटुंबाच्या नावाने सुरू होतं. अशा काळोख्या गुन्हेपटांना नुआर म्हणतात. नुआर म्हणजे पाऊस, सावल्या आणि लांब कोट एवढंच असतं तर ती फॅशन झाली असती. 1940च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार वाढला, युरोपातून पळून आलेल्या दिग्दर्शकांनी आणि कॅमेरामननी त्याला सावल्या दिल्या. पन्नासच्या दशकात मुंबईच्या हिंदी गुन्हेपटांतही व्ही. के. मूर्तींसारख्यांनी तसलाच काळा-पांढरा खेळ केला. पण गाभा असा की तपास करणारा स्वच्छ नसतो, धागा ओढत गेलं की दुसरं टोक त्याच्याच घरात निघतं. सुपरहिरोपटात हे करायला धाडस लागतं, कारण तिथे हिरोच्या आईवडिलांचा खून हे पवित्र प्रकरण असतं, त्याला हात लावायचा नसतो.

बघण्याबद्दल आणखी एक. सिनेमा सुरू होतो तो दुर्बिणीतून. कुणीतरी महापौराच्या घरात डोकावतंय, श्वास ऐकू येतोय. पुढे थोड्याच वेळात तसाच शॉट पुन्हा येतो, खिडकीतून क्लबमध्ये काम करणारी सेलिना कायल दिसते, पण या वेळी दुर्बीण बॅटमॅनच्या हातात असते. खुनी आणि नायक एकाच भिंगातून बघतात. मग सेलिनाच्या डोळ्यांत तो कॅमेरा असलेली लेन्स बसवतो, तिला क्लबमध्ये पाठवतो आणि आपण घरबसल्या तिच्या डोळ्यांनी बघतो, वर तिला इकडे बघ, तिकडे बघ अशी हुकूमत. तिला ते किती अपमानास्पद वाटतं हे झोई क्रॅविट्झने नुसत्या श्वासावर दाखवलंय. दोन वर्षं रात्री भटकणारा, दिवसा कुणाला न भेटणारा हा मुलगा सगळं बघतो आणि त्याला माणूस एकही दिसत नाही. म्हणून त्याचा चेहरा तसा, मुखवटा काढल्यावरही डोळ्यांभोवती काळं ओघळलेलं. लोक म्हणाले ब्रूस वेन फार रडका केलाय. मला तो रडका वाटला नाही, झोप न मिळालेला वाटला.

आर्कम या मनोरुग्ण गुन्हेगारांच्या इस्पितळातल्या काचेच्या भिंतीआडचा प्रसंग या सगळ्याचा कळस. पॉल डेनोचा रिडलर ‘ब्रूस वेन’ असं खेचून खेचून म्हणतो, मुखवट्याआड बॅटमॅनचा जीव टांगणीला, आपलं गुपित फुटलं. आणि मग कळतं की याला काहीच माहीत नाही. ब्रूस वेन हा फक्त हातून निसटलेला बळी, त्याची चिडचिड आहे. बॅटमॅनला तर तो आपला जोडीदार समजत होता. जोडीदाराला शेवटचा बेत कळलाच नाही, हे लक्षात आल्यावर डेनोचा चेहरा मुलाच्या हातातलं खेळणं तुटावं तसा होतो. दोघांचं प्रतिबिंब काचेत एकमेकांवर पडलेलं. इथे एकही ठोसा नाही, आणि अख्ख्या सिनेमात बॅटमॅन एवढा मार दुसऱ्या कुठे खात नाही.

तुम्ही शेवट अति झाला असं म्हटलंय, ते मात्र मला पटतं. स्टेडियममधला पूर, छतावरचे बंदूकधारी, धडाम-धुडूम, हे सगळं स्टुडिओच्या हिशेबातून आल्यासारखं वाटतं. पण त्याच गोंधळात दोन गोष्टी अशा आहेत की मी त्या कापू देणार नाही. रिडलरच्या एका अनुयायाचा मुखवटा ओढून विचारतात, तू कोण? आणि तो तेच उत्तर देतो जे पहिल्या मारामारीत बॅटमॅनने छाती पुढे काढून दिलं होतं, की मी सूड आहे. डिटेक्टिव्हला शेवटी स्वतःचाच माग लागतो. दुसरी, तो पाण्यात पडल्यावर लाल फ्लेअर (हातात धरायची पेटती नळी) पेटवतो आणि अडकलेल्या लोकांना वाट दाखवत पुढे चालतो. वरून घेतलेला शॉट, काळं पाणी आणि त्यात एक लाल ठिपका, मागे माणसांची रांग. तीन तासांत पहिल्यांदा तो लपायला नव्हे तर दिसायला उजेड वापरतो. महापौराचा पोरका मुलगा पहिल्यांदा त्याचा हात धरतो, ज्याच्याकडे हा आधी नुसता बघत राहायचा. लाल रंग कशासाठी वाचवून ठेवला होता, ते इथे कळतं.

चाहती असले तरी काही गोष्टी गळ्याखाली उतरत नाहीत. थॉमस वेनचं प्रकरण सर्वांत जास्त. त्याने आपल्या बायकोची जुनी माहिती बाहेर येऊ नये म्हणून एका पत्रकाराला गप्प करायला फाल्कोनीची मदत घेतली आणि पत्रकाराचा खून झाला, एवढं सिनेमा धीटपणे सांगतो. ब्रूसच्या पायाखालची जमीन सरकते. आणि लगेच इस्पितळातल्या पलंगावरून वेन घराण्याचा बटलर आल्फ्रेड सांगतो की नाही रे बाळा, त्यांचा तसा हेतू नव्हता, ते पोलिसांकडे जाणार होते. झालं. जखम उघडायची आणि पुढच्याच प्रसंगात पट्टी बांधायची, हा भित्रेपणा आहे. खऱ्या नुआरमध्ये बाप दोषी असता आणि मुलाला त्याच्यासकट जगावं लागलं असतं. आल्फ्रेड झालेल्या अँडी सर्किसला या सिनेमात काम तरी किती आहे, त्यातही हे निरोप पोचवायचं.

सेलिनाचं दुःखही असंच घाईत उरकलंय. तिची मैत्रीण अॅनिका मारली जाते, तिचा शेवटचा आवाज फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये आपल्याला ऐकवला जातो, आणि ते ऐकून पुरुष पुढच्या धाग्याकडे वळतात. ती बाई गोष्टीत फक्त पुरावा म्हणून आली. आर्कममध्ये शेजारच्या कोठडीतून हसणारा कैदी तर पुढच्या सिनेमाची जाहिरात आहे, दुसरं काही नाही. चहा घ्यायला उठायचं असेल तर तेव्हा उठा. पेंग्विनचं उलट झालं. कॉलिन फॅरेल मेकअपखाली ओळखूच येत नाही, आणि हातपाय बांधून सोडल्यावर तो पेंग्विनसारखा डुलत निघतो तो विनोद रीव्ह्जने किती सहज करून घेतलाय. त्या पात्राला 2024 मध्ये स्वतंत्र मालिका मिळाली, आणि ती बघण्यासारखी आहे.

मायकल जाकिनोच्या चार सुरांबद्दल संगीतकार लिहितील, माझा तो प्रांत नाही. इतकंच सांगते की रिडलरच्या संगीताचा सांधा शूबर्टच्या ‘आवे मारिया’शी आहे, आणि अनाथाश्रमातल्या मुलांच्या तोंडी ते ऐकल्यावर पुढे तो सूर आला की पोटात खड्डा पडतो.

राहता राहिले तीन तास. नेमके 176 मिनिटं, शेवटच्या पाट्यांसकट. वीस मिनिटं कमी करता आली असती, आणि ती मी स्टेडियममधून काढली असती, तपासातून नाही. तपास संथ हवा. पुरावा हातात घेऊन दोन माणसं गप्प उभी आहेत, पाऊस पडतोय, हा वेळ नसता तर मार्टिनेझच्या एका वाक्याला काही वजन राहिलं नसतं. ज्याला आपण तासन्तास शोध म्हणून बघितलं, ते एका काकाच्या पुतण्याने चुटकीसरशी सोडवलं, ही थप्पड बसायला आधी तासन्तास जावेच लागतात.

पुन्हा बघणार असाल तर दिवे बंद करून रात्री बघा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड लावा, वीज वाचवण्याचा मोड आणि आपोआप उजेड कमी-जास्त करणारा सेन्सर बंद करा, आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते तर कायमचंच बंद करा, त्याने सगळे सिनेमे मालिकेसारखे दिसतात. मग महापौराच्या खोलीचा प्रसंग लावून बघा. रिडलर महापौर सरकायच्या आधीच ठळक दिसत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे. सरकल्यावरही शोधावा लागत असेल तर कमी. एक-दोन घरं वर-खाली करा आणि सोडून द्या. मध्यंतर हवंच असेल तर पेंग्विनची गाडी उलटते आणि बॅटमॅन आगीतून चालत येतो तिथे घ्या. निम्मा सिनेमा तोवर होऊन गेलेला असतो, आणि पुढचं बरंचसं बोलण्याचं आहे, ते जेवून शांतपणे ऐकता येतं.